पहिल्या घावाचा मान

मित्रांनो, मी बेहडा. पोफळी गावाच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या दरीत, वाघजाईच्या देवराईत मी उभा आहे. मला कोणी हौसेने लावलं नाही. वानराने चघळून टाकलेल्या बीतून मी आपला आपण उगवलो. माझ्या ढोलीत धनेशीण अंडी घालते. मुळांशी झरा फुटतो, त्याचा पऱ्या, म्हणजे ओढा, होऊन खालच्या वाडीला पाणी पाजतो. शाबासकी? छे! शेजारच्या डोंगरावरची झाडं कोळशाच्या भट्ट्यांनी खाल्ली, तिथला पऱ्या आटला, तरी माणसं शहाणी झाली नाहीत.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या वैशाखात गावाने ठरवलं, राई विकायची आणि देवीला स्लॅबचं देऊळ बांधायचं. देवी माझ्या सावलीत मजेत होती. तिला कोणी विचारलं नाही. लाकडाचा ठेकेदार कुऱ्हाडी घेऊन आला. मी तिथेच उभा. आम्हा झाडांना पळता येत नाही ना!

पण राईत काहीही करायचं तर पहिला हात मानकऱ्याचा. मानकरी दोन, रावजी आणि काशीराम. शिमग्यात पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून दोघे दरवर्षी हातघाईवर यायचे. त्या दिवशी मात्र रावजीने हात जोडले.

"पयला मान तुमचा, काशीरामदादा."

"छे वो! थोरलं घर तुमचं. घाला घाव."

"शिमग्यात बरं आमचं थोरलं घर आठवत नाय तुमाला!"

देवी कोपली तर पहिला घाव घालणाऱ्यावरच कोपणार, ही दोघांची भीती. पाण्याला आलेली वाडीतली सगुणा कळशी टेकून खो-खो हसली.

"उचला की! एरवी मानासाठी जीव टाकता, आज हात लुळे पडले?"

ठेकेदार वैतागला. "द्या इकडं, मीच घालतो!"

त्याने कुऱ्हाड उगारली तशी सगुणा ओरडली, "बघा, बघा! गावचा मान चालला परक्याच्या घरात!"

झालं! दोघे मानकरी एकदम खवळले. एकाने कुऱ्हाड हिसकावली, दुसऱ्याने बखोट धरलं. "आमच्या मानाला हात लावनारा तू कोन रं?" म्हणत ठेकेदाराला पार रस्त्यापर्यंत ढकलत नेलं.

मान कोणाचा, याचा निवाडा अजून झालेला नाही, म्हणून मी उभा आहे. माझ्या मायेपोटी कोणी भांडलं नाही, हे तोंडावर सांगतो. माझी काळजी होती ती सगुणेला, कारण पऱ्या आटला तर मैलभर पायपीट तिचीच. पण गावच्या बैठकीत तिला जागा नाही.

तेव्हा मित्रांनो, पाण्यासाठी तरी झाडं जपा. आणि भांडण मिटवायला बसाल, तेव्हा सगुणेला आधी बोलवा. ती नसताना तुमची एकी झाली, तर माझं काही खरं नाही.