बांधावरची तार

पहिला घाव तारेवर पडला. बजरंगने कुऱ्हाड घातली आणि आमची केशरी तार तुटून ढेकळांत पडली. तारेत करंट होता, त्याची त्या माणसाला फिकीर नव्हती. मी धावत जाऊन जनरेटर बंद केला, तोवर त्याने दुसरा घाव घातला होता.

जमिनीखाली गरम पाणी आहे का, हे शोधायचं माझं काम. रानात तारेचा मोठा चौकोन अंथरायचा, त्यात वीज सोडून एकदम तोडायची, आणि खालून येणारं उत्तर यंत्रावर वाचायचं. गरम पाणी असलं की उत्तर विरायला वेळ लागतो. सुप्याच्या पुढच्या त्या वस्तीवर आमचा चौकोन दोन सख्ख्या भावांच्या रानांत पसरला होता. मधल्या बांधावरून दोघांचं वर्षानुवर्षं वाकडं. म्हणूनच मी दोघांच्याही घरी जाऊन सांगितलं होतं, की ही हद्दीची मोजणी नव्हे, संध्याकाळी तार गुंडाळून नेणार. दोघांनी मान डोलावली. मान डोलावणाऱ्या माणसांचा मला आता संताप येतो.

धाकट्या बजरंगने कुऱ्हाड रोखून तारेच्या खुंटीकडे दाखवलं. सकाळी मी स्वतः बांधाला लागून ठोकलेली खुंटी त्याच्या कांद्यात दोन हात आत उभी होती. थोरला गहिनीनाथ बांधावर उभा राहून मिशीत हसत होता. आम्ही चहाला बसलो तेवढ्यात त्याने ती हलवली होती, आणि डेअरीवर दूध घालताना चारचौघांत सांगून आला होता, की मशिनीने हद्द काढली, बज्याचं दोन हात रान माझ्यात आलं. धाकट्याला डिवचायची त्याला भारी हौस.

मी दोघांच्या मधे उभी राहिले. "गहिनीनाथभाऊ, खुंटी तुम्ही हलवलीत. सांगा त्यांना."

एवढंच बोलायचं होतं त्याने. बजरंगही थांबला होता, कुऱ्हाड खाली आली होती. गहिनीनाथने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"मशीन खोटं बोलत न्हाई, बज्या," तो म्हणाला.

बजरंगने मला कोपराने बाजूला उडवलं. माझा दात तुटला, तोंड रक्ताने भरलं. गहिनीनाथने खुंट्या ठोकायचा आमचा हातोडा उचलून भावाच्या बरगडीत हाणला. बजरंग कळवळून वाकला आणि वाकल्यावाकल्याच त्याने कुऱ्हाड फिरवली. ती गहिनीनाथच्या मांडीत रुतली. मी मागून बजरंगचा शर्ट धरून ओढत होते, शर्ट फाटून माझ्या हातात आला. दुसरा घाव मानेवर बसला. गहिनीनाथ कांद्याच्या पातीत आडवा झाला. मी ओढणीचा बोळा करून त्याच्या मानेवर दाबला, दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून. माझा सहकारी वरद जीप घेऊन रानात शिरला, पण तोवर माझ्या हातांखालचं रक्त यायचं थांबलं होतं. मी तरी दाबतच राहिले.

बजरंग बांधावर बसला होता. बरगडी धरून, धापा टाकत. त्याने मला अगदी अदबीने विचारलं, "म्याडम, खरं सांगा. दोन हात त्याचंच निघालं का?"

मला त्याची कीव आली नाही. त्याला लागावं म्हणूनच मी बोलले. "यंत्राला बांध कळतच नाही. खुंटी त्यांनी हलवली होती. तुमची मस्करी केली त्यांनी."

तो गुडघ्यांवर सरकत भावाजवळ आला आणि त्याचा खांदा धरून हलवू लागला.

"दादा, मंग बोलला का न्हाईस? म्या थांबलो हुतो की रं."