कुशीवर वळल्यावर

बाटलीच्या तळाशी तीन खडे, मटाराएवढे, फिकट पिवळे, आणि चिकटपट्टीवर सरांचं तिरकं अक्षर — ‘हरलीस’. धूळ पुसायचं निमित्त करून तिने बाटली उचलली होती, कारण पडद्याआड सर शर्ट वर करून, उपाशीपोटी निजले होते आणि तिला अजून दोन मिनिटं हवी होती.

सोनोग्राफी तिला त्यांनीच शिकवली. तेव्हा यंत्र कपाटाएवढं आणि चित्र तळहाताएवढं. पित्ताशयात खडा दिसला की सर विचारायचे, “बोल, पिवळा की काळा?” मग ती त्याची कड बघायची, मागे पडलेली सावली बघायची आणि छातीठोकपणे काहीतरी सांगून टाकायची, ऑपरेशननंतर सर्जनकडून खडे मागवले जायचे आणि बहुधा तिचं नाक कापलं जायचं... सावलीवरून रंग ओळखणं म्हणजे पाठमोऱ्या माणसाचा स्वभाव ओळखणं, सर म्हणायचे, चुकणारच. पण ओळखून बघायचं सोडायचं नाही.

“जेल गार आहे गं. आम्ही कोमट करून लावायचो.”

“त्याचा हीटर तुम्हीच घरी नेलात, सर. निवृत्तीच्या दिवशी.”

“नेला? असेल. बघ आता, बडबड नको.”

ती बघत होती. पित्ताशयाच्या भिंतीला लागून एक उजळ ठिपका, आणि मागे सावली नाही. बारीक खड्याची पडत नाही कधीकधी... तिने स्वतःलाच समजावलं.

“डाव्या कुशीवर वळा, सर.”

खडा असला तर घरंगळतो; भिंतीतूनच गाठ उगवली असेल तर ती जागची हलत नाही. हेही त्यांचंच. ते कण्हत वळले. पाठीची हाडं केवढी वर आली होती — कधी आली? ठिपका तिथेच होता.

“हलला?”

तिच्या लक्षात आलं की आपण वाट बघतोय. पेशंटने विचारलं की ‘डॉक्टर सांगतील’ म्हणायचं आणि मान किंचित मागे वळवायची. खांद्यामागे सर उभे असायचे, ते बोलायचे. इतकी वर्षं झाली, दाराबाहेर पाटी तिच्या नावाची, तरी मान अजून वळत होती... मागे नुसती भिंत होती.

“अगं, हलला का?”

“नाही, सर,” ती म्हणाली, आणि तो आवाज तिला नीटसा ओळखता आला नाही.