काळ्याचा पट्टा

गावात यापुढं कोणी कुत्रं पाळायचं नाही असं गावानं रविवारी ठरवलं, आणि सोमवारी सकाळी कांतानं चंद्रपूरची एस.टी. पकडली, ती कुत्रं आणायलाच. बाबुपेठेत तिच्या भावाकडं, विक्कीकडं, पिल्लू तयार होतं. पण आधी सामान घ्यायचं आणि मग पिल्लू उचलायचं, असा तिचा बेत होता. घरात काही सोय नसताना पाहुण्याला बोलवायचं नसतं, मग तो चार पायांचा का असेना.

गावाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. जंगलाला लागून असलेल्या गावात बिबट शिरतो तो कुत्र्यासाठीच, हे शेंबडं पोरही सांगेल. पंधरा दिवसांपूर्वी कांताचा काळ्या गेला. सकाळी ती अंगणात आली तर खुंट्याशी साखळी पडलेली, साखळीला उघडा पट्टा, आणि कुत्र्याचा पत्ता नाही. बिबट्यानं नेला, असं सगळ्यात आधी मुखरू म्हणाला आणि मग गाव म्हणालं. गडचिरोलीकडं कुत्रं नाहीसं झालं की कोणी रक्त शोधत नाही, माग बघत नाही. बिबट म्हटलं की चौकशी संपली. कांतानंही मान डोलावली होती.

मुखरू तिचा चुलत दीर. रविवारच्या बैठकीत, कुत्रं म्हणजे बिबट्याला आवतण, असं त्यानं तीन-तीनदा सांगितलं, लेकराबाळांची भीती घातली आणि पटापट हात वर झाले. एकट्या कांताचा हात मांडीवरच राहिला.

तिला कुत्रं हवं होतं ते नुसत्या मायेपोटी नव्हे. जिल्ह्यात दारूबंदी होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तरी मोहाची दारू रबरी ट्यूबात भरून तिच्या घरामागच्या पांदणीच्या वाटेनं गावात यायचीच. ट्यूब आली की काळ्या भुंकायचा, काळ्या भुंकला की कांता थाळी बडवायची, आणि महिला मंडळाच्या बाया धावून यायच्या. दोनदा त्यांनी ट्यूबा फोडल्या. आणणारे तेवढे हातावर तुरी देऊन पळाले. काळ्या गेला आणि मंडळाचे कानच गेले. पांदण शांत झाली, आणि पिंपळाखाली पुन्हा माणसं झिंगून पडू लागली. जिचा नवरा दारूनं गेला त्या बाईला हे बघवत नव्हतं. गाव बिबट्याला भ्यायचं तर भिवो, ती नाही भिणार.

चंद्रपूरच्या गोल बाजारात तिनं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, खोलगट ताट घेतलं, बुडाशी जड, म्हणजे पिल्लू उलथवणार नाही. निजायला जाड गोणपाट घेतलं. गुरांच्या दवाखान्यात जाऊन जंताचं औषध आणलं आणि सुई कधी टोचायची ते विचारून ठेवलं. साखळी जुनीच चालणार होती. राहिला पट्टा, आणि पट्ट्यासाठी तिला भांडायचं होतं.

बाजारातला नूरुद्दीन पूर्वी टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवायचा. टांगे कमी झाले तसा तो बैलांच्या घंटांचे पट्टे आणि शाळेची दप्तरं शिवू लागला. काळ्याचा पट्टा त्याच्याच हातचा होता. कांतानं तो पिशवीतून काढून त्याच्या पुढ्यात टाकला. तुमचं बक्कल कुचकामी, एका हिसक्यात सुटलं आणि माझं कुत्रं गेलं, असं तिनं त्याला चार गिऱ्हाइकांदेखत सुनावलं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. कारागीर एक वेळ शिव्या खाईल, पण कामाला नाव ठेवलेलं त्याला खपत नाही. त्यानं चष्मा लावला, शिवण बोटानं चाचपली, कुठं दात लागलाय का ते पाहिलं. मग बक्कल लावून पट्टा खांबाच्या खिळ्याला अडकवला आणि तिला म्हणाला, ओढा. धानाच्या रोवणीत, चिखलात उमर गेलेली बाई ती, तिनं दोन्ही हातांनी ओढला. खिळा वाकला. बक्कल हललं नाही.

"हे तुटलं नाई, निसटलं बी नाई," नूरुद्दीन म्हणाला. "हे कोणं तरी खोललं. बिबट्याले बक्कल खोलता येत नाई, बाई."

कांता दुकानाच्या पायरीवर बसली. काळ्या आपल्या मानेला हात लावू द्यायचा तो दोघांनाच. एक ती, आणि दुसरा मुखरू, जो दर रविवारी आठवणीनं मटणाची हाडं आणायचा. भाऊजींना मुक्या जनावराची किती माया, असं ती बायांना सांगत फिरली होती. ती हाडं मायेची नव्हती, दारूच्या ट्यूबांसाठी पांदण मुकी करायची होती. तिला आधी स्वतःची लाज वाटली, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसता पुसता संताप चढला.

मग ती उठली. नव्या पट्ट्याला बक्कल नको, तिनं सांगितलं, दोन कड्या बसवा आणि त्यांत कुलूप अडकवा. नूरुद्दीन म्हणाला, कुत्र्याला कुलूप लावलेलं मी अख्ख्या उमरीत पाहिलं नाही. आता पाहाल, ती म्हणाली. त्यानं टोच्या हातात घेतला आणि पिल्लू वाढेल तशी कडी सरकवून पट्टा सैल करता यावा म्हणून चार भोकं जास्तीची पाडली. कुलपाची चावी तिनं दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

परतीची एस.टी. गावात थांबली तेव्हा चहाच्या टपरीवर बरीच माणसं होती. मंडळाची मंगली होती, आणि मुखरूही होता. कांताच्या कडेवर पिल्लू बघून तो पुढं आला. गावाचा शब्द मोडला, बिबट पुन्हा येईल, असं बोलत त्यानं लाडानं पिल्लाच्या मानेकडं हात नेला. बोटांना कुलूप लागलं तसा हात तिथंच थबकला.

कांतानं जुना पट्टा काढून सगळ्यांसमोर धरला. "याले एक दात लागला नाई. बक्कल खोलणारा बिबट हाये आपल्या गावात." मग ती मुखरूकडं वळली. "येऊ द्या त्याले, भाऊजी. या बारीले कुलूप हाये, अन् चावी माह्या गळ्यात हाये."

मंगलीनं पट्टा हातात घेतला, बक्कल लावून दोनदा ओढून पाहिला आणि शेजारच्या बाईकडं दिला. तो हातोहात फिरू लागला. पिल्लाचं नाव काय ठेवलं, मंगलीनं विचारलं.

"काळ्या," कांता म्हणाली.

पिल्लू पांढरं शुभ्र होतं. पण कोणी हसलं नाही, आणि मुखरू तर मुळीच नाही.