भोंग्याच्या तोंडावर डबल-क्लिक

शाळेत तिला सगळे कप्तान म्हणत. घरात मात्र भोंगा. शाळेतल्यांना घरचं नाव कळता कामा नये, यासाठी तिने आजवर काय काय नाही केलं! मैत्रिणींना घरी बोलावणं टाळलं, मावशीला शाळेच्या फाटकापासून लांब उभं राहायला लावलं, एकदा तर 'भोंगा कोण?' या प्रश्नावर 'आमचं मांजर' असं बेधडक ठोकून दिलं. पण आज सुट्टीच्या दिवशी अख्खी हँडबॉल टीम आईच्या वर्कशॉपात शर्ट घ्यायला येणार होती, आणि तिथे दारातच तो कॉम्प्युटर बसला होता.

कॉम्प्युटर म्हणजे काय, एक खाष्ट म्हातारा! मागे पोट सुटलेला मॉनिटर, पिवळट पडलेला रंग, बटण दाबलं की आधी खोकल्यासारखा आवाज आणि मग नुसती घरघर. मावशी बटण दाबून चहा टाकायला जायची. चहा पिऊन, कप विसळून परत आली तरी स्वारी अजून जागीच होत असायची. पण त्याला भंगारात काढायची कुणाची टाप नव्हती, कारण मागच्या खोलीतलं भरतकामाचं मशीन फक्त त्याचंच ऐकायचं. एकदा नवा कोरा कॉम्प्युटर आणून जोडला, तर मशीनने सुईसुद्धा हलवली नाही. नवा निमूटपणे परत गेला.

तर या म्हाताऱ्याच्या पडद्यावर एक फोटो होता, वर्कशॉप सुरू झालं त्या दिवशीचा. मधोमध आई, हातात कात्री, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मागे बाबा, नेमके डोळे मिटलेले. एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला मामा. अगदी कडेला अर्धा दोरेवाला, ज्याला फोटोत कुणी बोलावलंच नव्हतं. आणि सगळ्यांच्या पुढे जमिनीवर फतकल मारून बसलेली अडीच वर्षांची कप्तान. आईच्या हातातली कात्री हवी होती म्हणून मान वाकडी करून, नाकातून दोन धारा सोडून, तोंडाचा हा एवढा आ! भोंगा हे नाव त्याच दिवशी पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच.

आता या फोटोची आणखी एक गंमत होती. मागे एकदा दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटरमधलं काहीतरी काढून टाकलं, तेव्हापासून फाइलींच्या नावांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. एकूणएक डिझाइनचं चिन्ह एकसारखं पिवळं, खाली चौकोनांची रांग. दुसरं कुणी असतं तर हात टेकले असते. पण आई आणि मावशीने ती चिन्हं फोटोवर बसवून टाकली. दातांच्या डॉक्टरांच्या कोटावरची कवळी दादाच्या नाकावर. दादा म्हणजे मामा. कोंबडीवाल्याच्या एप्रनवरची कोंबडी बाबांच्या टकलावर. हॉटेलचे नॅपकिन दोरेवाल्याच्या अर्ध्या कानावर. दिवसभर वर्कशॉपात हेच चालायचं.

"ताई, कोंबडी कुठे गं?"

"तुझ्या भावजींच्या टकलावर. कधीपासून तिथेच आहे ती."

डबल-क्लिक केलं की डिझाइन थेट मशीनला जायचं. आधी दाखवणं नाही, विचारणं नाही. मशीन लगेच शिवायला सुरुवात.

कप्तानला हे सगळं माहीत होतं. पण तिने डोकं लावलं. फोटो मागे, चिन्हं पुढे. मागचा फोटो बदलला म्हणून पुढची चिन्हं काय चालत थोडीच जाणार आहेत? ती जागच्या जागीच राहतील. मग बिघडतंय कुठे?

आई आणि मावशी आत जेवायला बसल्या आणि तिने फ्लॉपी काढली. म्हाताऱ्याला फ्लॉपीशिवाय काही गिळता येत नसे. शाळेच्या कॉम्प्युटरच्या सरांकडून तिने टीमचा ढाल हातात घेतलेला फोटो त्यात भरून आणला होता. म्हाताऱ्याने फ्लॉपी कराकरा चावली आणि सांगितलं, जागा नाही. जागा कशी नाही? तिने भोंग्याचा फोटो पुसून टाकला. तरी जागा नाही. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. झाली जागा!

नवा फोटो आला तो इवलासा, आणि बाथरूमच्या फरशीसारखा पडदाभर पुन्हा पुन्हा. तिने तो ताणला. मग टीम पडदाभर झाली खरी, पण सगळ्या आडव्या सुटलेल्या आणि म्हाताऱ्याकडे रंगांचा दुष्काळ असल्यामुळे हिरव्यागार. असू दे. हिरव्या तर हिरव्या, रडत तर नाहीत ना कुणी! ती खूश होऊन शर्टांच्या घड्या मोजायला लागली. उद्याच्या सामन्यासाठी प्रत्येक शर्टाच्या छातीवर एक मुंगूस यायचं होतं. टीमचं नावच मुंगूस.

जेवण करून मावशी खुर्चीत बसली आणि किंचाळली.

"ताई! दादा कुठे गेला?"

"जहाजावर," आई आतून म्हणाली. "तीन महिन्यांनी येईल."

"अगं, पडद्यावरचा दादा! आणि भावजी पण नाहीत. तू पण नाहीस. कोण या हिरव्या बायका?"

"ही माझी टीम आहे," कप्तान दुखावून म्हणाली. "आणि चिन्हं जागच्या जागीच आहेत. एकही हललेलं नाही. बघ तरी."

मावशीने बघितलं. पिवळी चिन्हं खरोखर जागच्या जागी होती. फक्त ती जागा कुणाची हे सांगायला आता तिथे कुणी नव्हतं. मावशीने डोळे मिटले, हवेत बोट फिरवलं, पुटपुटली आणि एकावर डबल-क्लिक केलं. मागच्या खोलीत मशीन खडखडलं. तिघी धावल्या. गोलकीपरच्या शर्टाच्या छातीवर, बरोबर मधोमध, एक गुलाबी हिरडी उमटत होती. त्यावर दात. वरचे झाले, खालचे सुरू झाले.

"नाक लागलं वाटतं," मावशी हळूच म्हणाली.

आईने मशीन बंद केलं. "जुना फोटो परत लाव."

"नाही लागत."

"का नाही लागत?"

"पुसला. जागा नव्हती."

"मुळातला फोटो कुठे आहे?"

"दादाच्या पेटीत," मावशी म्हणाली. "आणि पेटी दादाबरोबर."

आई खुर्चीत बसली. तिचा आवाज अजिबात चढला नाही, आणि कप्तानला त्याचीच जास्त भीती वाटली. "शर्ट मोजून आलेत. एक तर गेलाच. आणखी एक चुकला तर आणखी एका मुलीला उद्या दात घालून खेळावं लागेल. मुंगूस कुठे ठेवलं होतं ते मला पक्कं आठवतंय. सगळ्यात नवीन डिझाइन, दुसरीकडे जागाच नव्हती. तुझ्याच टीमचं म्हणून तुझ्याच तोंडात ठेवलं."

"माझ्या?"

"भोंग्याच्या. मोकळी जागा तेवढीच उरली होती."

मग आई आणि मावशी पडद्यावर बोटं टेकवून भांडायला लागल्या. मावशी आईच्या उजवीकडे होती की डावीकडे? उजवी कुणाची, आईची की बघणाऱ्याची? आई म्हणाली, तू माझ्यापासून लांब उभी होतीस. मावशी म्हणाली, लांब नव्हते, तूच मला कोपराने ढकललं होतंस, मला अजून आठवतंय. आवाज ऐकून बाबा आले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला काय विचारता? माझे तर डोळे मिटलेले होते."

तेवढ्यात दारात गलका झाला. टीम आली!

"कप्तान, शर्ट झाले?" सगळ्यांत उंच गोलकीपर वाकून आत शिरली. "ए, ते कोणाचे दात?"

"तुझे," मावशी म्हणाली. मग एकदम उठली. तिने भिंतीवरून मशीनची चौकोनी फ्रेम काढली, ज्यात कापड ताणून बसवतात ती, आणि फोटोवाल्यासारखी डोळ्यासमोर धरली. "सगळे उभे राहा. त्या दिवशी होतात तसे. मी इथून बघते आणि पडद्यावर जागा लावते. ताई मधोमध. कात्री घे. भावजी मागे."

"डोळे मिटू?"

"मिटा. ए उंच मुली, तू दादा. इकडे ये. तू वेणीवाली, तू मी. ताईच्या कोपराला लाग. अजून लाग. आणि तू गं, दारात अर्धी उभी राहा, तू दोरेवाला."

मुलींनी पटापट जागा घेतल्या. त्यांना वाटलं, शर्ट मिळण्याआधी असं काहीतरी करावंच लागत असेल. पुढची जमीन रिकामी राहिली.

"भोंग्या, बस," मावशी म्हणाली.

गोलकीपरने मान वळवली. "भोंगा कोण?"

"तुमचं मांजर ना?" वेणीवाली म्हणाली.

कप्तानचे कान तापले. म्हाताऱ्याच्या पडद्यावरून तिच्या हिरव्या मैत्रिणी बघत होत्या, आणि या खऱ्या पण बघत होत्या. शर्टांच्या ढिगावर दात विचकून पडलेला तो एक शर्ट होता. तिला दिसलं, उद्या मैदानावर सगळी टीम दातांमध्ये आणि कोंबड्यांमध्ये उतरतेय, समोरचा संघ पोट धरून लोळतोय.

"मी," ती म्हणाली. "मी भोंगा." आणि खाली फतकल मारून बसली.

"तोंड उघड," मावशी म्हणाली. "अजून. एवढंसं काय उघडतेस, दवाखान्यात आलीस का? आणि मान वाकडी होती. नाही गं, अशी नाही. रडताना आपोआप वाकडी व्हायची तुझी."

"मग?"

"मग रड की."

कप्तानने डोळे घट्ट मिटले. आणि अशी काही हंबरली, अशी हंबरली, की शेजारचा चपलावाला हातात एक चप्पल घेऊन धावत आला, दारातल्या दोरेवाल्याला धडकला आणि विचारायला लागला, कुणाला काय लागलं? कुणी उत्तर देईना. फोटोतले लोक हलत नसतात.

"हां! तस्संच! थांब तशीच!" मावशीने एका हाताने फ्रेम धरली, दुसऱ्या हाताने माउस सरकवला. आईच्या कात्रीपासून खाली, मामाच्या बुटापासून आत. टक टक.

मशीन सुरू झालं. सगळे श्वास रोखून आत गेले, चपलावाल्यासकट. तपकिरी दोरा. एक वाकडी रेघ. ती लांबली, जाड झाली, टोकाला निमुळती झाली.

"शेपूट!" कप्तान ओरडली. "कोंबडीला एवढं शेपूट नसतं!"

"आणि कवळीला तर नसतंच," बाबा म्हणाले. त्यांनी आता डोळे उघडले होते.

शर्ट शिवून होईपर्यंत टीम तिथेच बसली. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. गोलकीपर म्हणाली, मला लहानपणी घरी लोणी म्हणायचे. वेणीवाली म्हणाली, तुला लोणी तरी म्हणतात, मला विचारूच नका. गोलकीपरने दातांचा शर्ट बदलून घ्यायला साफ नकार दिला. समोरच्या संघाला गोल मारताना हसू यायलाच हवं, हा तिचा युक्तिवाद. शिवाय कप्तान हंबरत असताना उरलेल्या मुलींपैकी एकीने मावशीच्या खांद्यामागून चोरून मोबाइलवर फोटोही काढला होता.

तो फोटो सरांकडून फ्लॉपीत भरून आला आणि म्हाताऱ्याच्या पडद्यावर लागला. हिरव्या टीमला जागा करून द्यावी लागली. सगळी चिन्हं कशी चपखल बसली! कोंबडी टकलावर, नॅपकिन दारातल्या अर्ध्या मुलीच्या कानावर. कवळी मात्र आता गोलकीपरच्या नाकावर असते, आणि मावशी अजून सवयीने दादाचंच नाक म्हणते.

परवा एक नवीन गिऱ्हाईक आलं. खुर्चीत टेकलं, पडदा न्याहाळला आणि न राहवून आईला म्हणालं, "एवढी मोठी मुलगी, जमिनीवर बसून का बरं रडतेय?"

आईने सुईवरून नजरही काढली नाही. "ती होय? तिच्या तोंडात मुंगूस आहे."

गिऱ्हाइकाने खुर्ची जरा मागे घेतली.