हसण्याचा शॉट

मंदाकिनीबाईंनी गोपाळकृष्णाच्या उजव्या पायातली चप्पल काढून घेतली आणि तिथं तळ झिजलेली एक जुनी वहाण सरकवली. दिग्दर्शिकेनं असा पायाला हात लावलेला पाहून चित्रपटाचा नायक अवघडून मागं सरकला.

"अहो बाई, मी घालतो की."

"घाला. पण खाली बघू नका. मुलगी बघून बाहेर पडलाय, भांबावलाय. अंदाजानं पाय सरकवा आणि चालायला लागा."

शॉट तसा साधा होता. मुलगी बघण्याचा कार्यक्रम उरकतो, आणि घाबरलेला नवरामुलगा एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात मुलीच्या बापाची वहाण घालून तरातरा निघतो. दारात उभी राहिलेली मुलगी ते बघते आणि तिला हसू फुटतं. सबंध चित्रपटात ती एकदाही हसलेली नसते. ती हसते आणि तिथंच चित्रपट संपतो. वितरकाला शेवटी लग्न आणि सनईचौघडा हवा होता. बाईंनी त्याच्याशी महिनोन्महिने भांडून हा शेवट मान्य करून घेतला होता.

आणि नेमका तोच काही केल्या जमत नव्हता. सकाळपासून शालू दाराच्या चौकटीला धरून हसत होती आणि बाई "पुन्हा" म्हणत होत्या. पोरगी गुणी होती. हडपसरच्या मळ्यातून उठून थेट कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती आणि चित्रपटभर नुसत्या डोळ्यांनी बोलली होती. पण हसायची वेळ आली की तिचं हसू दातांपाशीच थांबत होतं.

"शालू, हसायचं नाहीये तुला," बाई तिला म्हणाल्या. "हसू दाबायचंय. घरात पाहुणे आहेत, वडीलमाणसं आहेत. दाब, दाब, आणि दाबता येईना की मग सुटू दे."

"व्हय बाई," शालू म्हणाली.

मग जेवणाची सुट्टी झाली. बाईंनी ताट तसंच बाजूला सारलं. नटीनं दिग्दर्शन करायचं म्हटल्यावर पुण्यात जे जे ऐकून घ्यावं लागतं ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं होतं. एका साप्ताहिकानं तर लिहिलं होतं, 'बाईंचं कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याचं वय उलटलं, तेव्हा आता त्या कॅमेऱ्यामागं उभ्या राहणार आहेत.' वितरक समोरासमोर म्हणाला होता, "तुम्ही नुसत्या हसा हो बाई, बाकीचं आम्ही बघतो." त्या साऱ्यांना द्यायचं उत्तर म्हणजे हा चित्रपट होता आणि तो ह्या एका शॉटपाशी येऊन अडला होता. उद्या सकाळी स्टुडिओतला हा फ्लोअर दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात जायचा होता. दाराच्या चौकटीसकट सेटवरचं हे घर आज संध्याकाळी मोडायचं होतं.

"बाई, जरा बाजूला येता?"

यज्ञेश्वरपंत उभे होते. निर्मिती-व्यवस्थापक म्हणून सगळा व्याप तेच सांभाळत. ह्या स्टुडिओत त्यांची हयात गेली होती.

"इथंच बोला ना."

"इथं बोलण्यासारखं असतं तर बाजूला कशाला बोलावलं असतं?"

बाई उठून त्यांच्यामागून रंगवलेल्या भिंतीपलीकडं गेल्या. तिथं कुणी नव्हतं.

"शालूकडचा माणूस आलाय. संपत म्हणून आहे, चुलतभाऊ तिचा," पंत हलक्या आवाजात म्हणाले. "तिचे वडील गेले. सकाळी विहिरीवर बसले होते, ते बसल्या जागीच गेले. लेकीसाठी सगळे खोळंबलेत. मी त्याला सांगितलंय, शॉट चालू आहे, आत कुणाला सोडत नाहीत. ऑफिसात बसवलंय. चहा सांगितलाय."

चहा सांगितलाय, म्हणाले आणि पंतांनी एकदम नजर दुसरीकडं वळवली. बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी ह्याच फ्लोअरवर पाण्याचा हौद बांधून त्यात नाव सोडली होती. बाई तेव्हा नुसती मंदा होती, एकोणीस वर्षांची. नाव हलवायला चार माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी होती आणि मंदा दिवसभर गाण्यावर खळखळून हसत होती. साताऱ्याहून तिचा मामा आला, आई अत्यवस्थ आहे, ताबडतोब चल म्हणून. मास्तरांनी म्हणजे दिग्दर्शकांनी हुकूम केला, गाणं पुरं होईपर्यंत पोरीला कळता कामा नये. तरुण यज्ञेश्वरनं मामाला ऑफिसात बसवून चहा पाजला. मंदा साताऱ्याला पोचली तेव्हा लोक स्मशानातून परत येत होते. तो चित्रपट तुफान चालला. आजही रस्त्यात कुणी भेटलं की म्हणे, काय बाई ते तुमचं नावेतलं हसू! बाई नमस्कार करून पुढं सरकत. ते गाणं त्यांनी पुन्हा कधी पाहिलं नव्हतं.

"तिला सांगायला हवं," बाई म्हणाल्या.

"सांगायचंच आहे. शॉट झाल्यावर सांगू."

"आत्ता."

"बाई, मी तेव्हाचं विसरलोय असं समजू नका," पंत म्हणाले. "पण तुमच्या आई तेव्हा जिवंत होत्या. इथं माणूस गेलेला आहे. तासाभरानं त्याला काही फरक पडणार नाही. ती आत्ता गेली तर तेरा दिवस येत नाही. तेवढ्यात हे घर मोडेल, गोपाळकृष्ण नाटकाच्या दौऱ्यावर जाईल. आणि तुमच्या चित्रपटाला शेवट राहणार नाही. मग लावा सनईचौघडा."

बोलणं खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. बाईंना त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. कारण ऐकल्या ऐकल्या त्यांच्या मनात पहिला विचार शॉटचाच आला होता, पोरीचा नव्हे.

त्या रंगभूषेच्या खोलीकडं चालू लागल्या.

दार लोटलेलं होतं. आत शालू एकटीच आरशासमोर बसून हसायची तालीम करत होती. ओठ दाबायची, मान खाली घालायची, मग नाकातून फुसकन हसू सोडायची. बाई बाहेर थांबून ऐकत राहिल्या. सकाळपेक्षा बरं होतं. आणखी थोडं मोकळं झालं की हवं ते मिळणार, हे त्यांच्या सरावलेल्या कानाला कळलं. एक तासाचाच प्रश्न होता. त्यांनी दारावरचा हात काढून घेतला. पुन्हा ठेवला. मग दार ढकलून त्या आत गेल्या, कारण आणखी घटकाभर उभ्या राहिल्या असत्या तर त्या परतच गेल्या असत्या.

"शालू, तुझे आबा गेले."

शालूच्या हातात फणी होती. ती तिनं जपून टेबलावर ठेवली.

"कवा?"

"सकाळी. विहिरीवर बसले होते. त्रास काही झाला नाही म्हणतात."

"कोन आलंय?"

"संपत."

"दादा न्हाई आला?"

"नाही. एकटाच आहे. ऑफिसात बसलाय. गाडी काढायला सांगते, तू नीघ."

शालू उठली नाही. आरशातही बघेना. मांडीवर पदराचा काठ घेऊन ती तो नखानं सरळ करत बसली. बाईंना वाटलं, आता ही फुटेल, आणि त्या तिला जवळ घ्यायला पुढं झाल्या.

"बाई, शॉट झाल्यावर सांगायचं की हो," शालू म्हणाली.

बाई जागच्या जागी थांबल्या.

"अगं, तुझे वडील... माझी आई गेली तेव्हा माझ्यापासून दडवलं होतं. दिवसभर हसायला लावलं मला. मी शपथ घेतली होती, असं कुणाच्या बाबतीत होऊ देणार नाही म्हणून."

"म्हंजे हसताना तुमाला ठावं नव्हतं?"

"नाही."

"मंग तुमचं बरं झालं," शालू म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "मला आता ठावं असून हसाय लागंल."

"वेडी आहेस का? शॉट नाही घ्यायचा. तू घरी जा."

"गेले की मी परत येत न्हाई, बाई. तेरा दिसांनी न्हाई आन कवाच न्हाई. आबा होते म्हनून मला इथं येऊ देत होते. हिंदुरावदादा रोज भांडायचा त्यांच्याशी. पोरगी नाचवताय म्हनायचा. आबा म्हनायचे, तिनं हातात घेतलंय ना, पुरं करू दे. आता आबाच न्हाईत. आज एकदा उंबऱ्याच्या आत गेले की संपलं."

"मी येऊन बोलते तुझ्या दादाशी."

"तुमी?" शालूनं पहिल्यांदा वर बघितलं. "तुमी तर सिनेमावाल्या."

बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. इतकी वर्षं उराशी बाळगलेलं दुःख त्यांनी ह्या पोरीच्या हातात नेऊन दिलं होतं, आणि तिला ते नको होतं. तिला फक्त एक तास हवा होता. तोच त्यांनी चांगुलपणापायी नासून टाकला होता. बाईंना आपलीच लाज वाटली.

"शॉट घेऊ," शालू म्हणाली. "मंग मी जाते. पन संपतला बसवून ठेवा तिकडंच. आन मला कळलंय हे कुनाला म्हनून सांगू नका. बाप मेल्यावर ही हसत हुती, असं गावात झालं तर मला तोंड दाखवाय जागा न्हाई."

"नाही सांगणार."

"कुनालाच न्हाई."

"नाही."

बाई बाहेर आल्या तेव्हा पंत वाटच बघत होते.

"सांगितलंत?"

"नाही," बाई म्हणाल्या.

पंतांनी सुस्कारा सोडला. "शहाणपण केलंत. वाईट वाटून घेऊ नका. ह्या खुर्चीत बसलं की असंच करावं लागतं. मास्तरांनाही तेव्हा काही सुख झालं नव्हतं."

बाईंनी ते ऐकून घेतलं. त्या माणसाला आणखी एक चहा द्या, त्यांनी सांगितलं.

फ्लोअरवर दिवे लागले. कॅमेरामन श्यामसुंदरनं मान हलवली. गोपाळकृष्ण दोन पायांत दोन जोडे घालून अंगणात उभा राहिला. शालू येऊन चौकटीपाशी उभी राहिली. पदर नीट केला. बाईंकडं तिनं बघितलं नाही. गप्प राहण्याचा पुकारा झाला, शांतता झाली, आणि बाई "सुरू" म्हणाल्या. ते त्यांना स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही.

गोपाळकृष्ण चालू लागला. एक पाऊल चट, एक पाऊल फट. शालूची नजर त्याच्या पायांवर गेली. त्या जुन्या वहाणेवर ती थोडी जास्तच वेळ राहिली. तिनं ओठ दाबले. चौकटीवरचा हात घट्ट झाला. मान खाली गेली, पुन्हा वर आली, आणि आता काही ही हसत नाही असं वाटत असतानाच तिच्या नाकातून हसू सुटलं. मग ते आवरेना. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं मनगटानं पुसलं आणि पुन्हा हसली. वर दिव्यांपाशी बसलेली माणसं तोंडावर हात दाबून हसू लागली. ध्वनिमुद्रकानं डोळे वटारले आणि मग तोही हसायला लागला. सगळ्या फ्लोअरवर न हसलेल्या एकट्या बाईच होत्या.

"बाई," श्यामसुंदर कुजबुजला. "बाई, कट म्हणा."

"कट."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शालू चौकटीला तशीच धरून होती.

"आनखी एक घ्यायचा का?" तिनं विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "ओके आहे."

त्यांनी पंतांकडं बघून मान हलवली. पंत गेले आणि संपतला घेऊन आले. धोतर, टोपी, दुपारच्या उन्हात सायकल हाणून काळवंडलेला चेहरा. दिव्यांच्या उजेडात तो बिचकला. शालू दिसली तसा तो तिच्याकडं गेला आणि खालच्या आवाजात तिच्याशी दोन शब्द बोलला.

शालू मट्‌कन खाली बसली. तिच्या तोंडून असा आवाज निघाला की वरच्या माणसांनी हातातली कामं सोडली. "आबा" म्हणून ती जमिनीवर हात आपटू लागली. दुपारपासून आत कोंडून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. त्यातलं खरं किती हे विचारण्याचं कारण नव्हतं, सगळंच खरं होतं. दोघीतिघी धावल्या. संपत तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता, "दुपारपास्नं बसवून ठेवलंय मला. शूटिंग चालूय म्हनत्यात. शालू, ऊठ."

शालूनं मान वर केली. पुसटलेल्या रंगातून तिचे डोळे मंदाकिनीबाईंना शोधत आले आणि त्यांच्यावर थांबले.

"तुमाला ठावं हुतं!" ती किंचाळली. "बाई, तुमाला ठावं हुतं! आन मला हसवलंत? बाप मेलेला असताना हसवलंत मला?"

श्यामसुंदरनं नजर खाली घातली. गोपाळकृष्ण दोन पायांत दोन जोडे घालून बावरल्यासारखा उभा होता. संपत वळला आणि त्यानं बाईंकडं असं बघितलं की पंत दोन पावलं पुढं सरकले. शालू रडत होती, पण नजर काढत नव्हती.

बाईंनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा संपतकडं.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच सांगू दिलं नाही. माझा शॉट राहिला होता."

आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्या ते बोलल्या.