जावयानं मागितलेला कौल

माझा जावई मंगेश जुगाराच्या गावांबद्दल असं बोलतो, जसं लोक लग्नातल्या पंक्तीबद्दल बोलतात. कुठं जेवण चांगलं, कुठं आग्रह करून वाढतात, कुठं पाहुण्याला कुत्रं विचारत नाही. मुंबईच्या एका टूर कंपनीत तो कामाला. हौशी माणसं गोळा करायची आणि कॅसिनोत नेऊन सोडायची, हे त्याचं काम. माणसं नेता नेता हा स्वतःच कधी टेबलाला चिकटला ते आम्हाला कळलंच नाही.

मी काशीराम गुरव. पोलादपूरहून उमरठच्या अंगाला वर चढलं की आमची वाडी लागते. वाडीच्या देवाची पूजा आमच्या घराकडे आणि कौलही मीच लावतो. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. निम्मी वाडी मुंबईला, म्हणून हल्ली कौल फोनवरही लागतो. तिकडून माणूस विचारतो, इकडे मी फोन देवासमोर धरतो. यात हसण्यासारखं काही नाही.

मंगेशचाही फोन यायचा. "मामा, देवाला एवढं इचारा, दक्षिणेला जाऊ का?" मला वाटायचं, पोटापाण्याचं असेल. आंघोळ करून, सोवळं नेसून मी पाकळ्या लावायचो. पुढे श्रुतिकाकडून, म्हणजे माझ्या लेकीकडूनच कळलं की दक्षिण म्हणजे गोवा नाहीतर कोलंबो, आणि उत्तर म्हणजे काठमांडू. कुठल्या गावात पत्ते लागतील ते हा मेला माझ्या देवाला विचारत होता! ऐकलं त्या दिवशी मला अन्न गोड लागलं नाही.

पण ते काहीच नाही. श्रुतिकाचं सातव्या महिन्यात पोटातलं पोर गेलं तेव्हा हा कोलंबोला होता. शेजारणीनं तिला दवाखान्यात नेलं. नवऱ्याचा फोन लागेना. खेळताना फोन बंद ठेवतात म्हणे. सगळं आटोपल्यावर साहेब उगवले. तिच्या उशाशी चॉकलेटचा डबा ठेवला आणि तिकडचं जेवण कसं फक्कड होतं ते सांगत बसले. दवाखान्यातून सोडल्यावर ती नवऱ्याच्या खोलीवर गेलीच नाही, एसटीत बसून सरळ आमच्याकडे आली. तिच्या आईनं पाणी तापवलं आणि तिला न्हाऊ घातलं.

महिन्याभरानं मंगेश तिला न्यायला आला. जुगाऱ्यांची गाडी घेऊन गोव्याहून परतत होता. कशेडी घाट उतरून पोलादपूरला ती सोडली आणि वर चढून आला. देवळात गावकी बसली. आमच्याकडे नांदण्याचा तंटा गावकीतच सुटतो. पण तंटा राहिला बाजूला. गावकीचा मुख्य सोनबा, वय सत्तरीच्या पुढे, त्याला कॅसिनोचीच उत्सुकता.

"गोव्याला जत्रा असते, काका," मंगेश रंगात आला. "होडीतनं मोठ्या जहाजावर नेतात. हाताला पट्टा बांधतात. नाच, गाणी, नुसता कल्ला. पण गर्दी लय, बसायला जागा नाय."

"आन् नेपाळात?"

"नेपाळात मान हाय. दारात नमस्कार करतात, हिंदी गाणी लावतात. घरच्यासारखं वाटतं. गंगटोकला थंडी. समदं शांत, झोपच येते. मकाव सगळ्यात मोठं. आत खोटं आभाळ केलंय, भायेर रात असली तरी आत संध्याकाळ. पण कोण बोलत नाय. हापिसात बसल्यासारखे खेळतात. वातावरण नाय तिथं."

"मग बरं कुठलं?"

"कोलंबो! न्यायला गाडी, आणायला गाडी. काय पायजे ते खा, प्या. समदं फुकट. मला तर बाबा कोलंबोच आवडतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या गावात हा फुकटचं गिळत बसला आणि इकडे पोटचं पोर गेलं, त्या गावाचं वातावरण याला आवडतं! आणि माझे गाववाले माना डोलावतात!

"कापायच्या आधी बोकडालापण फुकट चारतात," मी म्हणालो.

"काशीराम, पाव्हण्याला टाकून बोलू नये," सोनबानं मलाच दटावलं.

मंगेश हसला. "मामा, भांडण कशाला? कौल लावा. उजवी पडली तर श्रुती माझ्यासंगं येईल. डावी पडली तर मी परत या वाडीत पाय ठेवणार नाय."

सगळ्यांना ते पटलं. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. त्यात काळजी नव्हती, लाज तर नव्हतीच. माणूस खुशीत होता. बायकोला न्यायला आलेला हा नवरा देवळात खेळायला बसला होता आणि पणाला लावायला त्याच्याकडे माझी लेक होती.

"मी नाय लावत," मी म्हणालो.

"नाय कसा? लोकांच्या घरचा लावतोस, आन् सोताच्या घरचा नाय?" सोनबा म्हणाला.

खांबापाशी श्रुतिका उभी होती. "लावा, आबा," ती म्हणाली.

मी पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं. मंगेश गुडघ्यांवर पुढे सरकला. "ये, ये, ये," असं पुटपुटत मांडीवर बोटं आपटू लागला.

उजवी पडली.

"आली!" तो ओरडला आणि त्यानं सोनबाच्या हातावर टाळी दिली. देवळात, देवासमोर! "चल श्रुती, सामान घे."

श्रुतिकानं देवाला हात जोडले. "देवा, तुझं ऐकलं मी. पण मी नाय जाणार."

एकच गलका झाला. "काशीराम, तुझी पोर कौल मोडतेय," सोनबा उठून उभा राहिला. "सांग तिला. उद्या वाडीवर काय आलं तर कोण निस्तरणार?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला भीती वाटली. गावाची नाही, देवाची. कौल मोडू नये हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. तेवढ्यात मंगेशनं तिचं मनगट धरलं. जिंकलेलं गोळा करावं, तसं.

मी त्याचा हात हिसडून सोडवला. देवाच्या पायाशी पडलेली पाकळी उचलली आणि दाराबाहेर टाकली.

"कौल मी मोडला. पोरीनं नाय."

"तुझी गुरवकी जाईल, काशीराम."

"जाऊ दे."

"मामा, देवाचा शब्द हाय!" मंगेश ओरडला.

"तू आधी भायेर हो. देवाचं नि माझं मी बघतो. त्याला कोपायचं असंल तर येऊ दे माझ्या घरी. माझी पोरगी तिथंच असंल, आईच्या हातचं जेवत."