पुढच्या भोकाची घाई

मी एक जुना कातडी पट्टा आहे. हसू नका, मित्रांनो! एके काळी मीही दुकानाच्या काचेआड ऐटीत लोंबत होतो. माझं बक्कल इतकं लखलखीत, की गिऱ्हाइकं त्यात बघून भांग पाडायची. एका बसड्रायव्हरच्या बायकोने मला पसंत केलं आणि नवऱ्याला कायमची नोकरी लागली त्या दिवशी मी त्यांच्या कमरेवर चढलो. तेव्हा कंबर कशी होती म्हणता? वेताची छडी!

पुढे वर्षं लोटली. सीटवर बसून बसून आणि चहाबरोबर तळलेलं खाऊन खाऊन धनी फुगत गेले. मी एकेक भोक मागे सरकत गेलो. डेपोत त्यांचं नाव पडलं ‘पैलवान’. शेवटी शेवटी माझी दोन टोकं एकमेकांना जेमतेम शिवत होती.

अशातच डेपोच्या तपासणीत रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ही गोळी जेवणाबरोबरच घ्यायची. जेवण चुकवायचं नाही, नाहीतर साखर एकदम खाली घसरेल. ताटात भाजी वाढवा, रोज चाला, वजन हळूहळू उतरू द्या. पुढच्या तपासणीतही साखर अशीच निघाली, तर मात्र बस चालवता येणार नाही.”

पैलवानांच्या कानात फक्त शेवटचं वाक्य शिरलं. सीट गेली तर? ते पार हादरले.

त्यात आमच्या डेपोतली ती खुळी चढाओढ! वजन उतरवायला निघालेल्याने सगळ्यांसमोर पट्टा आवळायचा आणि पुढचं भोक गाठलं की टाळ्या. पंच कोण, तर पैलवानांचा जिवलग दोस्त, त्यांच्याच बसचा कंडक्टर.

“पैलवान, ढेरी आत घे! अजून आत! श्वास कशाला घेतोस?”

टाळ्यांची चटक फार वाईट. पैलवानांनी जेवणच सोडलं. सकाळी गोळी आणि वर नुसता कोरा चहा. बायकोने दिलेला डबा डेपोतल्या कुत्र्याच्या पुढ्यात. पोट काही इतक्या झटपट उतरेना, मग ते श्वास कोंडून मला ओढायचे. एकदा तर दाभण घेऊन त्यांनी माझ्या अंगात नवंच भोक पाडलं, जिथे त्यांची कंबर अजून पोचलीच नव्हती! टाळ्या कडाडल्या. आत रिकामं पोट गुरगुरत होतं, ते फक्त मला ऐकू येत होतं. मला तोंड असतं ना, तर बोंब ठोकली असती.

आणि मग ती दुपार आली. बस खचाखच भरलेली. अचानक पैलवानांचा घाम माझ्यावर ओघळला, बर्फासारखा गार. स्टिअरिंग हातून सुटू लागलं. कशीबशी त्यांनी बस कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

कंडक्टर धावत आला. “पैलवान! अरे, काय होतंय?”

“दिसत... दिसत नाहीये नीट.”

“जेवलास का?”

पैलवानांनी नकारार्थी मान हलवली. कंडक्टरचा चेहरा पांढराफटक पडला. एका मावशींनी नातीच्या बाटलीतलं गोड सरबत घोट घोट पाजलं. कंडक्टर मला सोडवायला धडपडत होता, पण मी इतका रुतलो होतो की निघेना. शेवटी त्याने जोरात हिसका दिला आणि त्या खोट्या भोकापाशी मी अर्धा फाटलो. तेव्हा कुठे पैलवानांना पोटभर श्वास घेता आला.

घरी बायको रडता रडता बोलली, “अहो, डबा कुत्र्याला आणि गोळी तुम्हाला? कुत्रा बघा कसा पैलवान झालाय!” लेक मात्र हसली नाही. “बाबा, उद्यापासून मी येते चालायला,” एवढंच म्हणाली.

सध्या पैलवान चौकशीच्या खिडकीत बसतात. त्यांची बस दुसराच कुणी चालवतो. ती समोरून गेली की त्यांचा हात नकळत माझ्याकडे येतो, पुढचं भोक चाचपतो आणि थांबतो. मग ते डबा उघडतात. आधी भाजी, मग बाकीचं. मोच्याने मला टाके घातलेत. कंबर उतरतेय, पण गोगलगाईच्या चालीने. तपासणी तोंडावर आलीय. सीट परत मिळेल का? मला ठाऊक नाही. तोवर माझी शिवण टिकेल का, तेही ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी श्वास कोंडून पट्टा आवळत असेल, तर हात जोडतो, टाळ्या वाजवू नका. जवळ जा आणि आधी विचारा, “जेवलात का?”